उबेच्या कपाटाची किल्ली

आमची ही प्रयोगशाळेत पेशी वाढवते आणि त्यांच्यात बाहेरचं जनुक घुसवते. पेशी काही दार उघडून वाट बघत बसलेल्या नसतात. म्हणून जनुक रसायनात मिसळून त्याचे बारीक कण करायचे, ते थेंबाथेंबानं पेशींवर सोडायचे आणि बशी इनक्युबेटर नावाच्या उबेच्या कपाटात ठेवून गप्प बसायचं. जनुक आत गेलं तर पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. यातलं गप्प बसणं सोडून हिला सगळं उत्तम येतं.

ही सारखी कपाट उघडायची, बशी काढून बघायची. आतला वायू निसटायचा, बशी गार व्हायची, पेशी माना टाकायच्या. शेवटी साहेब म्हणाले, "बाई, पेशी रसायनानं नाही, तुमच्या काळजीनं मरतात. या खेपेला चमकल्या नाहीत, तर तुमचं कंत्राट वाढवणं माझ्या हातात नाही."

शुक्रवारी हिनं पेशींचं पोषकद्रव बदललं, कपाटाला कुलूप घातलं आणि घरी येऊन किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"सोमवारपर्यंत मी रडले तरी देऊ नकोस."

संसारात माझ्या हाती आलेली ही पहिलीच सत्ता. मी ती खिशात घालून पेपर वाचत बसलो.

आमची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती. शनिवारी हिनं तिच्या खोलीचं दार उघडून उघडून बिजागरी कुरकुरायला लावली. पाणी हवंय का, उजेड पुरतोय का, किती झालं. संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, देऊन टाक ना तिला ती किल्ली."

मला पोरीची दया आली, पण मी शब्दाला जागलो. रविवारी मुलीनं आतून कडी घातली. आई दिवसभर पांघरूण ओढून पडून राहिली. मला दोघींचाही राग आला आणि स्वयंपाक मलाच करावा लागला.

सोमवारी सकाळी मी किल्ली हिच्या हातावर परत ठेवली. दुपारी हिचा फोन आला. "चमकल्या रे. बशीभर चमकल्या. साहेबांनी सही केली." आणि ती रडायला लागली. माझेही डोळे भरून आले.

घरी आल्यावर ती थेट मुलीच्या खोलीकडे गेली. दार बंदच होतं. टकटक करायला उचललेला हात तिनं खाली घेतला आणि तिथेच फरशीवर बसली. मी खुर्ची नेली, तर नको म्हणाली.

बऱ्याच वेळानं आतून कडी निघाली.

"आई, इथे काय करतेस? आत ये ना."