साताऱ्याची सून

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत मराठी ही तोंडाने बोलायची गोष्ट. लिहायची वेळ आलीच तर सामानाच्या यादीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं तमिळ अक्षरांत. मी राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलो. ग्रंथालयातल्या जुन्या मराठी पोथ्या महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना मोठ्या ऐटीत दाखवायचो. त्यातलं एक अक्षरही मला लागत नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आत्याची तर खात्रीच होती की मला सगळं वाचता येतं. आत्या पापनाशमची, यजमान गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. बायको तमिळ घरची, मुलं मराठी समजतात पण उत्तर तमिळमध्ये देतात. तिच्याशी मराठीत बोलायला राहिलो मी, आणि मी दिवसभर ऑफिसात.

टाळेबंदीत घरी बसून कंटाळलो तेव्हा तिची रसवांगी, म्हणजे आमची वांग्याची चिंच घातलेली भाजी, फोनवर टिपली आणि त्या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर टाकून दिली. तेव्हा गावात जो तो त्यावर नाचत होता, आमची आत्या वांगी चिरत होती. दुसऱ्या सकाळी खाली एका बाईचं उत्तर. लांबलचक, देवनागरीत, नावाशेजारी जास्वंदीचं फूल, त्यावरूनच बाई समजलो.

"वाच डा," आत्या म्हणाली. 'डा' हा आमच्याकडचा 'रे'.

मी चष्मा पुसला. पुसून काय दिसणार होतं? "म्हणते, रसवांगी फार छान."

"इतुकें लांब लिहून एवढेंच?"

आता लांबी भरून काढणं आलं. मी म्हटलं, बाई साताऱ्याची आहे. पुण्या-मुंबईखेरीज तेवढंच एक गाव मला पाठ होतं. मग तिला दगडी घर दिलं, तापट नवरा दिला. चार दिवसांनी आत्या कंटाळेल असं वाटलं, म्हणून त्या बाईच्या सुनेला दिवस गेल्याचंही सांगून टाकलं.

तिथेच फसलो. पुढच्या व्हिडिओत आत्या फोडणी देता देता थांबली, थेट फोनकडे बघून म्हणाली, "सातारकरणी, सुनेस पपई देऊं नकोस. आणि तुझ्या यजमानास म्हणावें, तिच्यावर ओरडूं नये."

त्या बाईची उत्तरं आणखी लांब होत गेली. ती काय विचारत असेल, याचा विचार मी कटाक्षाने टाळला. आत्या मात्र फुलली होती. सकाळी अंघोळ, पूजा, मग ठेवणीतली साडी नेसून चुलीपाशी. "काय म्हणते माझी साताऱ्याची?" मीही रोज काहीतरी म्हणवून घ्यायचो. जमतच होतं की मला.

आणि एका संध्याकाळी बातमी आली, सरकारने ते ॲप बंद केलं. मी घाईघाईने उघडलं तर पडद्यावर नुसती सूचना. व्हिडिओ नाहीत, उत्तरं नाहीत, जास्वंद नाही.

"ॲप बंद झालें, ती कां बंद झाली?" आत्या म्हणाली. "गाव ठाऊक आहे, घर दगडी आहे. शोध तीस."

कुठे शोधणार? गाव माझं, घर माझं, नवरा माझा. त्या बाईचं स्वतःचं असं एकच होतं, तिचं नाव, आणि तेही मला वाचता आलं नव्हतं. दुसऱ्या एका ॲपवर आत्याचे व्हिडिओ टाकून पाहिले. जास्वंदवाल्या बायका तिथे ढिगाने होत्या, पण आत्याला ओळखणारी एकही नाही. त्या लाजेपायी मुलांच्या पुस्तकावरून बाराखडी शिकलो. हे लिहितोय ते त्याच अक्षरांत. आता मला सगळं वाचता येतं, तेवढं सोडून.

मग त्या सुनेचे महिने भरत आले तसं आत्याने लेगियम केलं. सुंठ, पिंपळी, गूळ, तूप घोटून केलेलं काळं चाटण, बाळंतिणीला देतात ते. दोन दिवस ढवळत होती. बरणीला फडकं बांधून माझ्या हातात दिली. "पोस्टानें धाड. गाव आहे, दगडी घर आहे, पोंचेल."

स्कूटरवरून बरणी घेऊन निघालो. पोस्टासमोर जरा थांबलो, आणि तसाच पुढे तिरुवैयारुपर्यंत गेलो. कावेरीच्या घाटावर बसून बोटभर चाटलं. उत्कृष्ट झालं होतं. उरलेलं अजून ऑफिसच्या कपाटात आहे, पचन सुधारलंय.

महिनाभराने, सातारकरणीचं पत्र आलंच असणार असं धरून आत्याने विचारलं, "मुलगा कीं मुलगी, तेवढें सांग डा."

खरं सांगायला तोंड उघडलं. तर ती पदराला हात पुसत माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिच्याच घरात पाळणा बांधायचा राहिलाय. अख्खं घरदार उभं करणारा मी, मला मुलगा म्हणवेना, मुलगी म्हणवेना. ॲप असतं तर एव्हाना बारसंही उरकलं असतं.

"अजून काही नाही, आत्या," मी म्हणालो.

"अजून नाहीं?" तिने बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मग देवघरात गेली आणि साताऱ्याच्या त्या अडलेल्या पोरीसाठी दिवा लावून बसली.