सुटला

परवा हृदयाच्या डॉक्टरनं मला नवी गोळी लिहून दिली. माझ्या हृदयाचा स्नायू जाड झालाय, गरजेपेक्षा जोरात आवळतो म्हणे. "आजी, ही गोळी मायोसिनला आवर घालते," असं तो पोरगा मला समजावायला लागला. मला! जन्मभर जीवशास्त्र शिकवलं मी. म्हटलं, "बाळा, स्नायूत मायोसिन शेजारच्या धाग्याला पकडतं, ओढतं, सोडतं, परत पकडतं. साध्या पेशीसुद्धा त्याच्या जोरावर सरकतात, त्याला अडवलं की पुष्कळ पेशींचं सरकणं बिघडतं. हे मला ठाऊक आहे, पुढं बोल." तो हसला. मला हसू आलं नाही. आवळलेला स्नायू माणसाचं काय करतो ते मी माझ्या घरात पाहिलंय.

बहात्तरचा दुष्काळ होता. सोनईजवळच्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि दादा, माझा थोरला भाऊ, सरकारी कामावर खडी फोडायला जात होता. वडील मी लहान असतानाच गेले. सगळं घर त्याच्या जिवावर, आणि मी नगरला बी.एस्सी.ला होते तीही त्याच्याच हट्टानं. "पोरगी शिकून काय दिवे लावनार हाय?" असं भावकीतलं कुणी म्हणालं की तो अंगावर धावून जायचा. एकाचे दात पाडले होते त्यानं. आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर राग, मी काही वेगळी नाही.

कामावर पहारीनं त्याच्या पायाचा अंगठा फुटला. त्यानं जखमेत चुलीतली राख दाबली, चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा त्याला भाकरीचा घास तोंडात घालता येत नव्हता. जबडा बसला होता. दुपारी माझ्या हातून तांब्या पडला आणि त्या आवाजासरशी तो असा ताठला की डोकं आणि टाचा तेवढ्या जमिनीला टेकलेल्या, मधलं सगळं अंग वर. दातांत जीभ सापडली, रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं. शुद्ध मात्र पूर्ण होती. डोळे माझ्याकडे बघत होते.

आई घाबरून देवऋष्याला घेऊन आली. "बाहेरचं लागलंय, लई जबर हाय," असं म्हणून त्यानं आसूड काढला. पहिला फटका पाठीवर बसला तसा दादा परत ताठला. मग दुसरा. प्रत्येक फटक्याला झटका, आणि प्रत्येक झटक्याला हा म्हणतोय, "बगा, आतलं कसं तडफडतंय!" माझं टाळकंच सरकलं. आसूड हिसकून घेतला आणि त्याच्याच तोंडावर ओढला. नाक फुटलं मेल्याचं. "ए भवाने!" करत तो अंगावर आला, तर मी कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

"एक पाऊल पुढं टाक, टाळकं फोडते!"

"अगं, देवाचा मानूस हाय त्यो!" आई मध्ये पडली.

"धनुर्वात झालाय त्याला! तू गप बस!" आईवर मी पहिल्यांदाच असं ओरडले, आणि माझ्या ओरडण्यानंही दादा ताठला.

खडी वाहणारा एक ट्रक मिळाला. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला झटका देत होता. एका झटक्यात त्याच्या पाठीत काहीतरी कडकन मोडलं, ते मला ऐकू आलं. आई त्याला हाका मारायला लागली की मी तिचं तोंड दाबायची, ती माझा हात चावायची.

नगरच्या दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "अंग सैल पडायचं औषध देतोय. पण श्वास चालतो तोही स्नायूंवरच. औषध कमी पडलं तर झटक्यात गुदमरेल, जास्त झालं तर श्वासच थांबेल." मी मान डोलावली. स्नायूंच्या धाग्यांची चित्रं काढून शाबासकी मिळवलेली मी! कप्पाळ माझं. धनुर्वाताचं विष मायोसिनला शिवतसुद्धा नाही. ते मज्जारज्जूत बसतं आणि 'आता बास' म्हणणारा निरोपच दाबून टाकतं. मायोसिन बिचारं हुकूम येईल तसं ओढत राहतं.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी मोठा झटका आला. दादा निळा पडला, आणि हळूहळू सगळं अंग सैल झालं. जबडा उघडला.

"सुटला गं!" आईनं हात जोडले. "सुटला!"

ती जबड्याचं बोलत होती. गेलेल्या माणसालाही आमच्याकडे सुटलाच म्हणतात. नर्सनं माझ्याकडे पाहिलं, मला कळलं. आईला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं त्यांची कॉलर धरली. नर्सनं आणि मी मिळून तिचे हात सोडवले.

खडीचा तोच ट्रक परत नगरला आला होता, त्यातूनच आम्ही त्याला घरी न्यायला निघालो. ऊन रणरणत होतं. दादाचं डोकं आईच्या मांडीवर होतं. वाटेत तिनं त्याच्या हनुवटीला हात लावला आणि किंचाळली.

"परत बसला जबडा! अगं, आकडला बघ! जित्तं हाय माजं लेकरू! गाडी फिरव रं! फिरव!" ती केबिनवर मुठी आपटायला लागली.

ड्रायव्हर ब्रेक मारून मागं आला. "ताई, खरंच जित्ते हायेत का? फिरवू का गाडी?" त्याच्याही तोंडावर आशा होती.

मी चाचपून पाहिलं. मान ताठ, जबडा ताठ. इतके दिवस हा ताठपणा म्हणजेच तो जिवंत होता. पण मायोसिनची पकड सुटायला जिवंत शरीरातली शक्ती लागते. ती संपली होती, म्हणून जिथं पकड बसली तिथं ती तशीच राहिली. हे आईला कोणत्या तोंडानं सांगू?

"आई, मेल्यावरपण माणूस ताठतं गं."

"जळो तुजं शिक्शन! जित्ता जाळतीस व्हय त्याला?" मग एकदम माझे पाय धरले तिनं. "फिरव म्हन त्याला. तुज्या पाया पडते."

मी ड्रायव्हरला म्हणाले, "घराकडं चला."

ट्रक हलला तशी ती माझ्यावर तुटून पडली. माझ्या झिंज्या धरल्या, तोंडावर, पाठीवर बुक्क्या घातल्या, आणि प्रत्येक बुक्कीला म्हणत होती, "तू मारलंस त्याला." गाव येईपर्यंत ती मारत होती. मी हात वर केला नाही. खड्ड्यांत आपटू नये म्हणून दादाचं डोकं आता मी मांडीवर घेतलं होतं, ते दोन्ही हातांनी धरून बसले.