वाडग्याची उघडी कड

जेद्दाच्या शराफिया भागातलं कादिरचं भांड्यांचं दुकान तिथल्या सगळ्या कोकणी माणसांना ठाऊक होतं, आणि भांड्यांतलं आपल्याला सगळं कळतं ही त्याची घमेंडही. त्या घमेंडीनेच त्याच्या बायकोच्या, जोहराच्या, वाडग्याचा घात केला.

वाडगा जुना, चिनी मातीचा. रंग पाणी घातलेल्या दुधासारखा, आणि कोरलेल्या पाकळ्यांच्या खाचांत झिलई साचून किंचित निळसर. जोहराच्या माहेरचा कोणी खलाशी तो कधीतरी रत्नागिरीला घेऊन आला. तेव्हापासून त्या घरच्या बाळांची जीभ पहिल्यांदा गोड व्हायची ती याच वाडग्यात कुस्करलेल्या खजुराने. आता जोहराच्या लेकीचे, उझमाचे, दिवस भरत आले होते.

वाडग्याची कड मात्र खरखरीत, बिनझिलईची. असे वाडगे चिनी कारागीर भट्टीत उपडे ठेवून भाजत. कडेला झिलई राहिली तर वाडगा खाली चिकटून बसेल, म्हणून ती आधीच पुसून काढत आणि भाजल्यावर वर धातूची पट्टी चढवत. या वाडग्याची पट्टी कधीच निघून गेली होती. कादिरला वाटलं, हा सेकंड माल, झिलई अर्धवट राहिलेला. नातवंडासाठी चकचकीत करू म्हणून बायकोला न विचारता त्याने तो फरशांच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्याला दिला. कडेला नवी झिलई लावून वाडगा पुन्हा भट्टीत गेला आणि तुकडे होऊन बाहेर आला.

इथवर मूर्खपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण या गृहस्थाने दुकानातला एक नवा फिका वाडगा गुपचूप कपाटात ठेवून दिला.

उझमाला इस्पितळात नेलं त्या सकाळी जोहरा वाडगा धुवायला बसली. बोट गुळगुळीत कडेवरून घसरलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“उझमाच्या अब्बा, माझा वाडगा कुठं हाय?”

“हाच की.”

तिने तो नवा वाडगा त्याच्यासमोर आदळला. मग सगळं बाहेर आलं.

“फुटला म्हणून सांगितलं असतंत तर रडले असते नि गप्प बसले असते,” ती म्हणाली. “तुमी माझ्या तोंडावर खोटं बोललात.”

दुपारी नात झाली. त्यांच्या घरची रीत, बाळाच्या कानात अजान आजोबांनी द्यायची. कादिर वुजूचे हातपाय-तोंड धुऊन, हात पसरून पुढे आला. जोहराने बाळ जावयाच्या हातात ठेवलं.

“मुआज, अजान तू दे. पोरीच्या कानात पहिला आवाज खोट्या माणसाचा नको.”

कादिरने पसरलेले हात मागे घेतले. मुआजची अजान संपली. जोहराने आपल्या तळहातावर खजूर कुस्करला आणि बोटाने नातीच्या ओठांना लावला.