खंडेनवमीची नाणी

कुपवाडच्या वर्कशॉपात जोतीराम लेथ चालवायचा हे खरं, पण त्याचा जीव अडकलेला जुन्या नाण्यांत. सुट्टी आली की मोटारसायकल काढून हा आष्ट्यातलं भंगाराचं दुकान गाठणार, नाहीतर थेट पाटणपर्यंत जाऊन मोडीची भांडी उपसत बसणार. तांब्याची एखादी शिवराई हाती लागली की स्वारीला तहानभूक आठवायची नाही.

यंदा दसरा झाल्यावर सांगलीत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि जोतीरामला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं. साताऱ्याचे नानासो येणार होते. शिवराईच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी एकदा ‘वा’ म्हणावं, एवढीच या गड्याची आस.

खंडेनवमीला वर्कशॉपातल्या मशीनची पूजा उरकून तो घरी आला आणि दारातच थिजला. देव्हाऱ्यापुढं पाटावर त्याची सगळी नाणी मांडलेली. चिंच-मीठ लावून, राखेनं घासून लखलखीत केलेली. वर हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं.

“आवं, बघा तरी!” त्याची बायको रतन हरखून म्हणाली. “आज हत्यारं पुजायची, तर तुमचं खरं हत्यार हेच की! लय काळी पडली हुती. सकाळपास्नं घासली, तवा कुठं उजळली.”

जुन्या नाण्यावरचा काळपट थर हेच त्याचं वय. तो गेला की जाणकार नाण्याला हात लावत नाहीत. जोतीरामनं एक नाणं उचलून उजेडात धरलं. पण रतनची चिंचेनं सुरकुतलेली बोटं त्यानं पाहिली आणि ओठांवर आलेलं गिळून टाकलं. “झ्याक दिसत्यात,” म्हणाला आणि पाटापुढं हात जोडून बसला.

प्रदर्शनात रतन ठेवणीतली साडी नेसून टेबलाशेजारी उभी राहिली. नानासो आले, वाकले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“अरारा! ही कुणी घासली?”

“मी,” जोतीराम म्हणाला.

“इतकी वर्षं गोळा करतोस आणि एवढी अक्कल नाही? पार मातेरं केलंस रे!” नानासो पुढच्या टेबलाकडं वळले.

रतनचा चेहरा उतरला. “म्या नासली व्हय समदी? तवाच का न्हाई बोलला?”

जोतीरामला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. पण त्याहून मोठं काहीतरी बोलायचं राहून गेलं होतं.

“लॉकडाऊनात काम बंद पडलं, तवा ही समदी इकायला काढली हुती मी. नाण्यांचा डबा धरून कोण बसलं? तू. लोकांच्या शेतात भांगलायला गेलीस, पर ह्यातलं एक जाऊ दिलं न्हाईस. तवा आडवी आली नसतीस, तर आज घासायला तरी काय उरलं असतं? तुझं लय उपकार हायत, रतन. कवा बोललो न्हाई, एवढंच.”

तेवढ्यात आणखी एक जाणकार टेबलाशी आले. नाणी बघून त्यांनीही तोंड वाकडं केलं. “कुणी हो घासली ही?”

जोतीरामनं तोंड उघडायच्या आत रतन पुढं झाली.

“म्या,” ती ताठ मानेनं म्हणाली. “पर गोळा ह्यांनी केली हायत.”