चौकटींचे तीन कागद

बाबांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. लालबागच्या गिरणीत त्यांनी उभा जन्म कापड तपासलं. कुठे धागा तुटलेला, वीण वाकडी दिसली की तिथे लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि माल परत पाठवायचा. चूक नेहमी मालाची, तपासणाऱ्याची कधीच नाही.

याच स्वभावापायी त्यांचा डावा डोळा गेला. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा दिसायला लागला, तरी बाबा दादरच्या चष्मेवाल्याशी भांडत राहिले, काचा वाईट म्हणून. डॉक्टरांकडे पोचलो तोवर उशीर झाला होता. त्या डोळ्याला आता फक्त कडेकडेचं दिसतं.

उरला उजवा. त्यातही झीज होती, पण कोरडी, सावकाशीची. तीच ओली झाली, म्हणजे पडद्याखाली नव्या नसा फुटून पाणी झिरपायला लागलं, तर डोळा झपाट्याने जातो. म्हणून डॉक्टरांनी बारीक चौकटींचा एक कागद दिला. रोज वाचायचा चष्मा लावून, डावा डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं. एवढं साधं.

साधं कसलं! सकाळी एकीकडे माझा डबा, एकीकडे दूध उतू जातंय आणि मी ओरडतेय, "बाबा, डावा डोळा झाका!" तर म्हणे, "माका शिकवू नको गो."

एका सकाळी त्यांनी कागद माझ्यापुढे टाकला. "हो कागद खराब आसा. छापणाऱ्याक काम येणा नाय." ठिपक्याखाली लाल गोल केलेला. मला ऑफिसला उशीर होत होता. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फोनवरून नवा प्रिंट काढला. आठवड्याभरात तोही नापास. मग ऑफिसातून चांगल्या जाड कागदावर काढून आणला. दोन दिवसांनी पुन्हा तेच, "हो कागद पण परत दी."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "काय खराब आहे त्यात? दाखवाच मला!" म्हणत मी पेपरांच्या गठ्ठ्यातून जुने दोन्ही कागद उपसले आणि तिन्ही पलंगावर आपटले.

तीन कागद, तीन लाल गोल. ठिपक्यापासून चौकटी मोजल्या. तिन्ही गोल एकाच जागी होते.

"बाबा," मी त्या जागेवर बोट ठेवलं, "इथे काय दिसतंय?"

"रेघ वाकडी आसा. तिनय कागदार."

ऑफिसला दांडी मारून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. डोळ्यात इंजेक्शन दिलं, अजून बरीच द्यावी लागतील म्हणाले. आहे तेवढी नजर बहुधा टिकेल, पण पेपरातली बारीक अक्षरं परत येतीलच असं नाही. बाबा डोळ्यावर पट्टी बांधून शेजारी बसले होते.

"पाणी झिरपायला लागून आठ-दहा दिवस तरी झालेत," डॉक्टर मला म्हणाले. "यांनी घरात काहीच सांगितलं नाही?"

सगळं बाबांच्या हट्टावर ढकलून मोकळं व्हावं, असं मनात आलंच.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी कागद बदलून दिला."