घरगुती कारण

नागझिऱ्याच्या गेटाजवळच्या रिसॉर्टात ओमेश्वरी बिसेन सहा वर्षं टिकली. टिकली म्हणजे कशी, तर जुने पाहुणे गाडीतून उतरायच्या आधीच विचारत, "ती बोलणारी ताई आहे ना?" काल पाणवठ्यावर कोण कोणावर गुरगुरलं, ते ती नाश्त्याच्या टेबलाशी उभी राहून आवाजासकट सांगायची!

मग पुण्याहून नवे मॅनेजर आले, हिमांशू सर. "अगं, 'करून राहिली' काय? 'करते आहे' म्हणावं! आणि 'काऊन' नाही हं, 'का'!"

चार महिन्यांत ड्रायव्हर टिकेश सडक अर्जुनीच्या ढाब्यावर गेला, स्वयंपाकाच्या अनुसयाबाई घरी बसल्या. दोघांच्याही राजीनाम्यात एकच ओळ: घरगुती कारण.

"सगळ्यांच्याच घरी एकदम काय झालं गं?" सर चक्रावले.

ओमेश्वरीनं चहाचे कप उचलले. पाहुण्यांपुढे तिला आता सरांनी दोनच वाक्यं ठरवून दिली होती, 'नमस्कार' आणि 'चहा घेणार का?' सोडावं तर हे जंगल सुटतं, राहावं तर जीभ गिळावी लागते.

एका सकाळी सर अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली फोनवर बोलत होते. पाठीमागची झुडपं हलली.

"सर! अस्वल येऊन राहिलं!"

"कुठे राहिलं?"

"राहिलं नाही जी, येऊन राहिलं!"

"म्हणजे येऊन गेलं? मग 'आलं होतं' म्हणावं."

"मागं पाहा ना जी!"

सरांनी पाहिलं. आणि जे पळाले! एक चप्पल मोहाखाली, दुसरी पायरीवर, सर थेट पिठाच्या पिंपामागे. अस्वलानं खाली पडलेली मोहाची फुलं खाल्ली, चप्पल हुंगली, निघून गेलं.

नाश्त्याला ताई सुटलीच! अस्वलाची फूंफूं, सरांचं 'म्हणावं', सगळं हुबेहूब. पाहुणे पोट धरून हसत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ओमेश्वरी, दोन वाक्यं ठरलीत ना?"

दुपारी तिनं राजीनाम्याचा कागद घेतला. 'घर' एवढं लिहिलं, खोडलं आणि खाली ठणठणीत अक्षरात लिहिलं: सर बोलू देत नाही.

सर वाचून उडालेच. "अगं, पण काऊन?"

त्यांच्याच तोंडून! ओमेश्वरीला असं हसू फुटलं की बास.

"आता बरोबर बोलले जी! गेटावर गाइड पाहिजे म्हणतात. मी जाऊन राहिली."

या वेळी सरांनी 'कुठे राहिली?' असं विचारलं नाही.