डॉक्टरीणबाई ट्रकमध्ये चढतात

नमस्कार केला की माणसं ज्यांच्यापासून दोन पावलं मागे सरतात, अशी जव्हार-मोखाड्यात एकच व्यक्ती, आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई. बाई हात जोडतच नाहीत. समोर बाईमाणूस दिसलं की अंगठ्याने खालची पापणी ओढतात आणि आत लाली किती ते बघतात. एका लग्नात त्यांनी आधी करवलीची, मग वरमाईची आणि अक्षता पडायच्या आत नवरीचीही पापणी ओढली. "रक्त कमी आहे. उद्या दवाखान्यात घेऊन या," असं बोहल्यावरच्या नवरदेवाला बजावलं! माझं जव्हारला औषधांचं दुकान. बाईंची चिठ्ठी मला सहज वाचता येते, त्यामुळे त्या खऱ्या डॉक्टर आहेत की नाहीत याची मला बरेच दिवस शंका होती. खोडाळ्याच्या बाजारात त्या सुक्या मासळीवालीशेजारी ठाण मांडून गरोदर बाया हेरतात. शेवटी मासळीवालीच वैतागली, "बाय, तू जरा लांब बस. माझं गिऱ्हाईक पळतंय."

दिवाळी सरली की पाड्यांवरची माणसं वीटभट्टीवर निघतात. गेल्या साली साखरशेतची मंगली आठव्या महिन्यात, अंगात रक्ताचा पत्ता नसताना, नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये बसली. बाईंना कळलं तशा त्या धावत आल्या आणि साडी सावरत टोपल्या-कोंबड्यांमध्ये चढून बसल्या. ट्रक माझ्या दुकानासमोरच उभा होता, म्हणून हे सगळं मी पाहिलं.

"मॅडम, उतरा ना," मजूर घेऊन जाणारा भट्टीचा मुकादम काकुळतीला आला.

"मलाही न्या. भट्टीवर हिचं बाळंतपण करायला कोण आहे?"

पोचवायला आलेली सासू खालून म्हणाली, "भट्टीवं जोडीनंच काम देतात, बाय. ही नाय गेली त खावाचा काय?"

"मग जोडीला तुम्ही जा. हिला मी सांभाळते."

सासूने सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग तिला हाताला धरून उतरवलं आणि स्वतः वर चढली. "म्हातारी नाही चालायची," मुकादम ओरडला. बाईंनी तिथल्या तिथे सासूची पापणी ओढली. "तुमच्यापेक्षा दणकट आहे," त्यांनी जाहीर केलं आणि खाली उडी मारली.

मंगली बाईंच्या दवाखान्यात बाळंत झाली तेव्हा रक्त थांबेना. भट्टीवर असती तर गेलीच असती. पण वाचली, मुलगीही वाचली. मला इतका आनंद झाला की मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो. "बाई, मुकादमाला हरवलंत तुम्ही!"

बाईंनी पेढा हातात घेतला, खाल्ला मात्र नाही.

"त्या सकाळी तीन ट्रक सुटले, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी एकातच चढले."